एक पट्टी आत

झाकण बसेना.

लासमीने बांबूचा एक बेसेक मांडीत घेतला, त्यावर दुसरा उपडा ठेवला आणि दाबला. मग गुडघा टेकवून दाबला. शेवटी बिस्मिल्ला म्हणून दाबला. कर्र असा आवाज झाला आणि दोघांचे काठ एकमेकांना अडून तसेच राहिले. दोन जावा दारात समोरासमोर याव्यात आणि आधी कोणी सरायचं यावर अडून बसाव्यात, तसे.

"म्बाक पैनेम, हे झाकण पाक हाजींच्या स्वभावाचं निघालं गं," लासमी ओरडली. "वाकायचं नावच घेत नाही!"

मशिदीच्या ओसरीत पंचवीसेक बायका पाय पसरून बसल्या होत्या. सगळ्या खो खो हसल्या. सगळ्यांची म्बाक, म्हणजे ताई असलेली पैनेमही हसली. हसत हसतच तिने गंजीतून एक बेसेक ओढला, दुसरा घेतला, एकावर एक ठेवला. बसला नाही. तिने तिसरा घेतला, चौथा घेतला. मग ती उठली आणि पार मागच्या भिंतीजवळच्या, छपराला टेकलेल्या गंजीतून दोन काढून आणले. तेही बसले नाहीत. आता तिचं हसू पळालं होतं. एकेक करून बाकीच्यांचंही पळालं.

सगळे बेसेक एकाच मापाचे होते. खालचेही तेवढेच, वरचेही तेवढेच. चारशे बारा घरांसाठी आठशे चोवीस नग विणून, उन्हात वाळवून, ओसरीत रचून ठेवले होते, आणि त्यातल्या एकाचंही झाकण एकावरही बसत नव्हतं. दुपारचे बारा वाजत आले होते. बकरी ईद उद्या सकाळी होती आणि कुर्बानीचं मांस याच डब्यांतून घरोघर वाटायचं होतं.

बेसेक तशी साधी वस्तू आहे. बांबूच्या पातळ पट्ट्यांची चौकोनी चटई विणायची, चारी कोपरे दुमडून भिंती उभ्या करायच्या, काठ मुरडून बंद करायचा, की झाला डबा. असे दोन डबे केले की एक खाली आणि एक वर. फक्त वरचा एक पट्टी मोठा हवा, म्हणजे तो खालच्याच्या अंगावरून सरसर उतरतो. केदुंगवारु गावात पूर्वी घरोघर ही विद्या होती. मग दुकानात काळ्या पिशव्या आल्या, बेसेक कोणी विचारेना, आणि विणणाऱ्या बायका एकेक करून मातीआड गेल्या. राहिली ती एकटी पैनेम. वय एकसष्ट, हाताची बोटं बांबूसारखीच चिवट, आणि जीभ मात्र गरजेपुरतीच चालणारी.

नेमकी ती जीभच नडली. अठरा दिवसांपूर्वी तिने खालचा डबा विणून दाखवला, बांबू तासून पंचवीस मापकाठ्या केल्या आणि प्रत्येक बाईच्या हातात एकेक दिली. "एवढ्यावर दुमडायचं," म्हणून सांगितलं. झाकण एक पट्टी बाहेर दुमडायचं, हे सांगायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. तिने स्वतः उभ्या आयुष्यात कधी मापकाठी धरली नव्हती. झाकण हातात आलं की तिची बोटं आपोआप एक पट्टी बाहेर सरकत. बोटांना ठाऊक होतं, म्हणून तोंडाने सांगायचं राहून गेलं. आणि त्यानंतर ती स्वतः विणायला बसलीच नव्हती. तिच्याइतकी पातळ पट्टी गावात दुसऱ्या कोणाला काढता येत नव्हती, म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती मागच्या अंगणात कोयता घेऊन बांबू सोलत होती. आधी सगळे खालचे विणायचे आणि मग सगळी झाकणं, असं ठरलं होतं. शेवटचं झाकण आज सकाळी वाळलं, तोवर एकही लावून पाहिलं नव्हतं.

"माझंच चुकलं," पैनेम म्हणाली. एवढंच बोलली आणि हातातल्या बेसेककडे बघत उभी राहिली.

"चुकलं तर चुकलं," लासमी म्हणाली. लासमीचा तोफूचा, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचा कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, दोन मोठे हंडे आणि एक भट्टी. तिचा आवाज मात्र खऱ्या कारखान्याच्या भोंग्यासारखा होता. "झाकणाशिवाय देऊ. वर सागाचं पान टाकायचं, सुतळीने बांधायचं."

"आणि मांजरं?" कोणीतरी विचारलं.

"मांजरांचीही ईदच असते की."

पण या विनोदाला कोणी हसलं नाही, कारण तेवढ्यात फाटकातून छत्री आत आली आणि छत्रीखाली हाजीसाहेब, पाक हाजी मास्तूर होते.

पाक हाजी वाईट माणूस नव्हते, फक्त धास्ती घेणारे होते. मशिदीच्या कुर्बानी समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे बावीस वर्षं होतं, आणि या बावीस वर्षांत एका घराचाही वाटा चुकला नव्हता, याचा त्यांना हजयात्रेइतकाच अभिमान होता. त्यांनी दोन बेसेक उचलले, एकमेकांवर ठेवले, जरा दाबून पाहिले. आठ-दहा वेळा तेच केलं. मग चष्मा काढून पुसला.

"बु पैनेम, मी तेव्हाच म्हणालो होतो," आदराने बु, म्हणजे बाई, म्हणत ते बोलले. ते रागावले नव्हते, आणि त्याचंच पैनेमला जास्त लागलं.

तेव्हा म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीच्या बैठकीत. आरोग्यकेंद्रातली नर्स रेत्नो त्या बैठकीला मुद्दाम आली होती. वयाने लहान, अंगाने काटकुळी, पण बोलायला लागली की पाक हाजीही मधे तोंड घालायचे नाहीत. तिने खिशातून एक काळी पिशवी काढून सगळ्यांसमोर धरली. "ही पिशवी कशाची बनते ते कोणाला माहीत आहे? कचऱ्यातलं जुनं प्लास्टिक वितळवून बनते. आधी त्यात औषध होतं की फवारणीचं विष होतं, हे कोणी तपासत नाही. आणि आपण यात गरम सूप घालतो, ताजं ओलं मांस घालतो, आणि लेकरांना खायला देतो. वर रिकामी झाली की ओढ्यात."

ओढ्याचं मात्र सगळ्यांनाच पटलं. गेल्या ईदनंतर तिसऱ्या दिवशी कालव्याच्या दरवाजात पिशव्यांचा असा बोळा बसला होता की पाणी उलटं फिरून तीन शेतांत घुसलं, आणि आठवडाभर सगळा गाव नाकाला पदर लावून फिरत होता.

"चाळीस वर्षं पिशवीतच वाटतोय," पाक हाजी म्हणाले होते. "पिशवीने कोणी मेलेलं मी तरी पाहिलं नाही."

आणि तेव्हा बायकांच्या बाजूने, अगदी मागच्या रांगेतून पैनेम उभी राहिली. बैठकीत ती कधी बोललेली कोणाला आठवत नव्हतं. "त्या पिशव्यांचा माल माझ्या नवऱ्याने बनवलाय, चौदा वर्षं," ती म्हणाली. "त्यात काय काय टाकायचे ते मला विचारा. काळाच रंग का घालतात, तेही विचारा. बाकी कुठल्याच रंगाखाली ते सगळं झाकत नाही म्हणून. कास्मुन ज्या हातांनी ते भट्टीत लोटायचा, त्या हातांनी घरी भात खायला बसायचा नाही. आधी राखेने तीनदा धुवायचा. आणि मला बजावून ठेवलं होतं, आपल्या घरात त्या पिशवीत खाण्याची वस्तू आणायची नाही. मी बेसेक विणते. सगळ्या घरांचे विणते."

कास्मुनला जाऊन नऊ वर्षं झाली होती. छातीने गेला. डॉक्टर म्हणाले फुप्फुसं खराब झाली, कशाने ते त्यांनी सांगितलं नाही आणि पैनेमने विचारलं नाही. पण गावाला त्याचा खोकला आठवत होता. पहाटेच्या अजानआधी तो ऐकू यायचा.

पाक हाजींनी मान हलवली होती. "ठीक आहे. पण माझी एक अट आहे. एका जरी घराला वाटा पिशवीत द्यायची वेळ आली, तरी पुढच्या वर्षी हा विषय कोणी काढायचा नाही." आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी पिशव्यांचे दोन गठ्ठे आणून मशिदीच्या कपाटावर ठेवून दिले होते. असावेत म्हणून.

आता त्यांनी ओसरीतल्या त्या कपाटाकडे नजर टाकली. "उघडं मांस घेऊन बायका मोटारसायकलवर बसणार का? सूर्यास्ताला, मगरीबच्या नमाजापर्यंत बघा काय जमतंय ते. नाहीतर मी गठ्ठे सोडतो. मला सकाळी लोकांना तोंड दाखवायचंय."

ते गेले. पैनेमही उठली आणि घराकडे चालू लागली.

घरी येऊन ती चुलीपुढे बसली. रडू आलं नाही, पण लाज वाटली, आणि ती लाज अंगभर पसरली. सगळ्या गावासमोर कास्मुनचं नाव घेतलं आणि त्याच नावावर पाणी फिरवलं. उद्या चारशे बारा घरांत काळी पिशवी जाईल. लोक म्हणतील, पैनेम बोलली होती खरी, पण काही जमलं नाही बिचारीला. मग कास्मुनने चौदा वर्षं जे नाकातोंडात घेतलं आणि घरी येऊन जे बजावून सांगितलं, ते कोणी ऐकलंच नाही असं होईल. हे तिला सोसवत नव्हतं.

तिने सवयीने वर पाहिलं. चुलीच्या वर, खुंटीला, कास्मुनचा बेसेक लटकत होता. याच बेसेकमधून तो रोज कारखान्यात भात न्यायचा. धुराने आणि वापराने तो काळपट झाला होता. पैनेम रोज संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी तो खाली काढी, झाकण उघडी, नाक आत घाली आणि परत लावून ठेवी. कास्मुन असताना रोज धुतला तरी त्यातून कारखान्याचा वास गेला नव्हता. जळक्या प्लास्टिकचा कडवट, घशाला लागणारा वास. कास्मुनच्या शर्टाला तोच यायचा, केसांना यायचा, उशीला यायचा. तो हयात होता तेव्हा ती या वासाला शिव्या घालायची. आता त्याचं एवढंच काय ते उरलं होतं. अशी गोष्ट कोणाला सांगायची नसते, म्हणून तिने ती सांगितली नव्हती.

तिने बेसेक खाली घेतला. नेहमीसारखं झाकण उघडलं. आणि नाक आत घालायच्या आधीच तिचा हात थांबला.

हा बेसेक उंच होता. इतर बेसेकांपेक्षा अरुंद आणि उंच. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कास्मुन म्हणाला होता, "तुझ्या या बेसेकमध्ये माझा भात मावत नाही बाई, दुपारी तीनलाच पोटात कावळे ओरडतात." तेव्हा नव्याने विणायचा कंटाळा करून तिने तोच बेसेक पाण्यात भिजवला, काठ उसवला आणि तळ चारी बाजूंनी एकेक पट्टी आत घेऊन पुन्हा दुमडला. तळ लहान झाला, भिंती वाढल्या. कास्मुन त्याला विहीर म्हणायचा. "माझी विहीर भर," म्हणायचा रोज सकाळी.

एक पट्टी आत!

नवीन काही विणायचं नव्हतंच. वरचे आहेत तसेच ठेवायचे. खालचे फक्त भिजवून, उसवून, एक पट्टी आत दुमडायचे. मग वरचं झाकण मोठं ठरलंच की!

पैनेम पळत सुटली. एकसष्ट वर्षांची बाई, डोक्यावर बेसेक, एका हातात लुंगीसारख्या सरोंगचा घोळ, गल्लीतून अशी धावली की कोंबड्या दोन्ही बाजूंना उडाल्या आणि दारात बसलेले म्हातारे उठून उभे राहिले, कुठे आग लागली बघायला.

"लासमी! हंडे तापव! दोन्ही!"

"अगं, आज तोफू आहे त्यात! ईदचा सगळा..."

"तोफू काढ! पाणी तापव!"

तिचा एवढा मोठा आवाज लासमीने आजवर ऐकला नव्हता. तिने कपाळावर हात मारला, काय समजलं कोण जाणे, पण उठली आणि शेडकडे धावली. पैनेमने ओसरीत मधोमध बसकण मारली, कास्मुनचा बेसेक सगळ्यांना दाखवला, एक खालचा बेसेक घेतला, काठ उसवला, तळ आत दुमडायला गेली आणि पट्टी कडकन मोडली. वाळलेली होती ना. "बघा, म्हणूनच गरम पाणी," ती म्हणाली. "एकही कोरडा दुमडायचा नाही. भिजवायचा, मऊ करायचा, मग एक पट्टी आत. चारी बाजूंनी एकच. कळलं का? आता सगळं बोलून सांगते, बाई. पुन्हा विचारा, दहादा विचारा!"

पुढचे पाच तास केदुंगवारुत काय चाललं होतं, ते बाहेरच्या माणसाला सांगूनही खरं वाटणार नाही. ओसरीपासून लासमीच्या शेडपर्यंत बायकांची रांग लागली. एका हाताने कोरडे बेसेक जायचे, दुसऱ्या हाताने वाफाळते परत यायचे. अर्धा तयार झालेला तोफू लासमीने परातीत काढून ठेवला होता आणि येणारी जाणारी प्रत्येक जण त्यातला तुकडा तोंडात टाकत होती.

"खा, खा," लासमी भट्टीपुढून ओरडायची. "उद्या माझ्याकडे तोफू मागायला आलात तर याच हंड्यात बुडवीन."

"भट्टी कशाने पेटवलीस?" नर्स रेत्नोने दारातून विचारलं. ड्यूटी संपवून ती तशीच आली होती, गणवेशाच्या बाह्या वर सारून.

"लाकडाने! बु रेत्नो, अल्लाशपथ लाकडाने. तुमचं भाषण ऐकल्यापासून प्लास्टिकचा एक कपटा भट्टीत घातला असेल तर माझा तोफू नासो. लाकूड महाग पडतं हो, पण डोळे चुरचुरत नाहीत, हे मात्र खरं."

रेत्नो काठ उसवायला बसली. तिची बोटं पहिल्या दहा मिनिटांत रक्ताळली. पैनेमने तिच्या हातातून बेसेक काढून घेतला, बोटांना कापडाची पट्टी बांधली आणि बेसेक परत हातात दिला. "इंजेक्शन देताना आम्ही ओरडतो तेव्हा तू काय म्हणतेस? मुंगी चावल्यासारखं होईल म्हणतेस ना? मग चावू दे आता."

बायका हसून हसून लोटपोट झाल्या. पैनेम थट्टा करते, हा शोध सगळ्या गावाला त्या दिवशी लागला.

मधेच लासमी हंड्यावर वाकली, नाक उडवलं आणि केवढ्याने तरी ओरडली, "कोणी घातलं गं प्लास्टिक? कोणी घातलं? मी नाही हं! मी आत्ताच शपथ घेतलीय!"

वाफेबरोबर खरंच तो वास येत होता. कडवट, जळका. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. पैनेम पुढे झाली. तिला बघायची गरजच नव्हती. नमुना म्हणून हातोहात फिरता फिरता कास्मुनचा बेसेक बाकीच्यांबरोबर गेला होता हंड्यात. नऊ वर्षं त्याला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता तिने. आता तो उकळत्या पाण्यात वर-खाली होत होता आणि त्याच्यातून, चौदा वर्षं आत मुरलेलं, सगळं एकदम बाहेर पडत होतं.

तिने काठीने तो वर घेतला. हात पोळला तरी सोडला नाही. "भट्टीतला नाही गं," ती म्हणाली. "कास्मुनचा वास आहे तो."

भट्टीतली लाकडं तडतडत होती. लासमीने पदराने घाम पुसला, घामाबरोबर आणखी काही पुसलं असेल तर तिचं तिला माहीत, आणि म्हणाली, "मग येऊ दे की. तोही आला म्हणायचं कामाला."

पैनेमने बेसेक शेडच्या दारात उन्हात ठेवला आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.

मगरीबला अर्धा तास होता तेव्हा शेवटचा काठ बंद झाला. त्या शेवटच्या बेसेकवर लासमीने झाकण ठेवलं आणि हात काढून घेतला. दाबलंसुद्धा नाही. झाकण आपल्या वजनाने खाली सरकलं. टप्.

"पुन्हा कर," कोणीतरी म्हणालं. लासमीने काढलं, पुन्हा ठेवलं. टप्. मग प्रत्येकीला स्वतःच्या हाताने तो आवाज काढून बघायचा होता. ओसरीभर टप् टप् टप् सुरू झालं, बायका लेकरांसारख्या नाचायला लागल्या, आणि त्यातच मगरीब झाली, मशिदीचा मोठा ढोल घुमला आणि गावभर ईदची तकबीर सुरू झाली. पाक हाजी आले. त्यांनी स्वतः वीस-एक झाकणं लावून पाहिली. गंजीच्या तळाचीही काढून पाहिली. शेवटी "हं" म्हणाले. पाक हाजींचं "हं" म्हणजे दुसऱ्या कोणाच्या अर्ध्या तासाच्या भाषणाइतकं असतं. बायकांना ते कळलं.

ईदच्या सकाळी नमाज झाली, कुर्बानी झाली. पुरुष मांस तोडून वजन करू लागले, बायका बेसेकमध्ये सागाची पानं अंथरू लागल्या. ऊन चढायच्या आत वाटप सुरू झालं. लोक रांगेतून पुढे येत, चिठ्ठी देत, बेसेक घेत, आणि गंमत म्हणजे घेतल्यावर लगेच जात नसत. उघडून बघत, वास घेत. "माझी आजी लग्नात भात असाच द्यायची," एक म्हातारा म्हणाला आणि तिथेच बसून राहिला. मोटारसायकलच्या हँडलला बेसेक अडकवून लोक गल्ल्यांतून निघाले. झाकणं जागची हलत नव्हती.

पैनेम ओसरीच्या खांबाशी उभी होती. वाट्याचा स्वतःचा बेसेक तिने बाजूला ठेवला होता. बोटं सुजली होती, झोप झाली नव्हती, पण छाती अशी भरून आली होती की तिला सारखं हसू येत होतं.

रांग संपली. गंज संपली. आणि फाटकात एक माणूस उभा दिसला. कालव्याच्या दरवाजाशी झोपडी बांधून महिन्याभरापूर्वी राहायला आलेला सायकलरिक्षावाला. त्याचं नाव यादीत नव्हतं. हातात चिठ्ठी नव्हती. तो आत येत नव्हता आणि परतही जात नव्हता.

"या, या," पाक हाजी म्हणाले. "ईदच्या दिवशी फाटकात कोण उभं राहतं?" मांस तर होतंच. बेसेक मात्र उरला नव्हता. पाक हाजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्यांचा हात हळूहळू कपाटावरच्या गठ्ठ्याकडे गेला. सगळ्या ओसरीचे डोळे त्या हाताकडे लागले. नर्स रेत्नोने तर ओठच चावला.

"हा घ्या," पैनेम म्हणाली आणि आपला बेसेक पुढे केला.

"हा तर तुझा आहे, बु."

"माझा घरी आहे. आणते."

ती गेली आणि पाच मिनिटांत परत आली. हातात कास्मुनचा बेसेक होता, उंच, काळपट, आत सागाचं ताजं पान लावलेला. पाक हाजींनी तो ओळखला असणार, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी स्वतःच्या हाताने त्यात तिचा वाटा घातला, झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी तिला दिला. मग ते कपाटाकडे वळले, दोन्ही गठ्ठे खाली घेतले आणि रेत्नोला म्हणाले, "न फोडलेला माल आहे. दुकानदार परत घेईल का गं?"

लासमीने अशी शीळ घातली की मशिदीच्या घुमटावरची कबुतरं उडाली. आपण मशिदीत आहोत हे नंतर तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैनेमने बेसेक धुतला. रात्रीच मांस शिजवलं होतं, अर्धं शेजारी दिलं होतं. आता पाणी निथळलं तसं तिने नेहमीच्या सवयीने झाकण उघडलं आणि नाक आत घातलं.

बांबूचा वास आला. थोडा सागाच्या पानाचा आला.

तिने पुन्हा घातलं. कोपऱ्यात, जिथे पट्ट्या एकमेकींवर चढतात तिथे, नाक अगदी टेकवून हुंगलं. बांबू. ओला, स्वच्छ बांबू. ती बराच वेळ बेसेक मांडीवर घेऊन चुलीपुढे बसून राहिली.

मग बाहेर आली. गल्लीभर, प्रत्येक घराच्या कुंपणावर, धुतलेले बेसेक उपडे घालून वाळत ठेवले होते. खाली ओढ्यात पाणी वाहत होतं आणि एक बदक आपल्या पिल्लांना घेऊन मधून चाललं होतं, कशालाही न अडखळता.

पैनेमने कास्मुनचा बेसेक आपल्या कुंपणावर ठेवला आणि झाकण त्याच्या शेजारी.

"म्बाक!" पलीकडून लासमी ओरडली. "तो काळा बाहेर का ठेवलास? चुलीवरचा ना तो? कोणीतरी उचलून नेईल हं चुकून!"

"वाळू दे," पैनेम म्हणाली. तिने तो जरा फिरवला, ऊन आतल्या बाजूला पडेल असा, आणि कोयता घेऊन मागच्या अंगणात बांबू सोलायला गेली.